आरोग्यसेवेचा दर्जा आणि प्रशिक्षण: सात गैरसमज, सात वस्तुस्थिती

आजाराला साजेसा उपचार वेळेत मिळणे, उपचारातून नवी इजा न होणे आणि रुग्णाचा मान राखला जाणे, या तीन गोष्टी मिळून आरोग्यसेवेचा दर्जा ठरतो. दवाखाना जवळ असणे ही त्याआधीची पायरी. महाराष्ट्राने ती बरीचशी ओलांडली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या करमाळा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या आसपास होती. गावपातळीवर उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि करमाळा शहरात उपजिल्हा रुग्णालय अशी इथल्या सरकारी सेवेची उतरंड आहे. जोडीला खासगी दवाखाने आहेत. म्हणजे दार आहे. दारातून आत गेल्यावर काय घडते, यावर आता जीव वाचणे अवलंबून आहे, आणि नेमके त्याबद्दलच गैरसमज जास्त आहेत.

गैरसमज १: चांगला उपचार मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रांनीच होतो.

वस्तुस्थिती: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात उपचारांनी टाळता येण्याजोगे सुमारे २४ लाख मृत्यू वर्षाला होतात. त्यांतले सुमारे १६ लाख दवाखान्यात पोचलेल्यांचे असतात. उपचार मिळाला, पण तो धड नव्हता. उरलेले सुमारे ८ लाख उपचारापर्यंत पोचलेच नाहीत म्हणून होतात. धड उपचारातल्या कितीतरी गोष्टींना यंत्र लागत नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू १८ टक्क्यांवर होते, जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले. आजही साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुणे हा जंतुसंसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सर्पदंशाचे उदाहरण करमाळ्याला अधिक जवळचे. उजनी धरणाच्या जलाशयाकडच्या उसाच्या फडात आणि पूर्वेकडच्या माळावर साप चावल्यावर विष रक्तात भिनले आहे का, हे ओळखायला काचेची कोरडी, स्वच्छ परीक्षानळी पुरते. तिच्यात २ मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा दाट संशय धरून प्रतिविष सुरू करायचे. नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर हल्ला करतात. त्यांच्या बाबतीत रक्त गोठते, म्हणून पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे पाहावी लागतात. ही परीक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. अट एकच: रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या माणसाला ती येत असली पाहिजे.

उपचारातली नवी भर शहरांतूनच येते, हेही खरे नाही. लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी कोकणात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात काम करताना रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली आणि प्राझोसीन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यासाठी वापरले. मृत्यूचे प्रमाण थोड्या टक्क्यांवर आले.

गैरसमज २: सुई टोचली, सलाईन लावले, म्हणजे चांगला उपचार झाला.

वस्तुस्थिती: ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून सुमारे शंभर उष्मांक मिळतात, म्हणजे साधारण एका केळ्याइतके. अशक्तपणाचे कारण रक्तक्षय, मधुमेह किंवा क्षयरोग असेल, तर या बाटलीने ते कारण झाकले जाते. तोंडाने पिता येणाऱ्या, तीव्र शोष नसलेल्या जुलाबाच्या रुग्णाला ओआरएस हाच पहिला उपाय असतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटले आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. तीसच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला.

गरज नसलेली सुई निरुपद्रवी नसते. तिच्यातून गळू होऊ शकते, निर्जंतुक नसेल तर कावीळ पसरते, आणि विनाकारण दिलेल्या प्रतिजैविकांनी जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. 'डॉक्टरांनी सुईच दिली नाही' ही तक्रार गावात ऐकू येते. रुग्णाला दोन मिनिटे समजावून सांगणे हेही म्हणूनच शिकावे लागणारे कौशल्य आहे.

गैरसमज ३: एकदा प्रशिक्षण झाले की काम सुधारते.

वस्तुस्थिती: माहीत असणे आणि दर वेळी तसे करणे यांत मोठी दरी असते. पश्चिम बंगालमध्ये पदवी नसलेल्या गावठी 'डॉक्टरां'ना नऊ महिने, ७२ सत्रांत शिकवण्यात आले. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार ओळखून योग्य उपचार देण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के-बिंदूंनी वाढले. अनावश्यक औषधे देणे मात्र जराही कमी झाले नाही. औषधे लिहिण्यामागे अज्ञानाबरोबर गिऱ्हाईक टिकवण्याचे गणितही होते, आणि ते वर्गात सुटत नाही.

उत्तर प्रदेशात १२० दवाखान्यांमध्ये झालेला 'बेटरबर्थ' प्रयोग याहून बोलका आहे. निम्म्या दवाखान्यांत सुरक्षित बाळंतपणाचा तक्ता देण्यात आला आणि तो वापरताना परिचारिकांच्या शेजारी उभा राहून शिकवणारा मार्गदर्शक नेमण्यात आला. दोन महिन्यांनी तिथे आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या, इतर दवाखान्यांत ४२ टक्के. मार्गदर्शकाच्या भेटी आठव्या महिन्यानंतर थांबल्या आणि बाराव्या महिन्यात ७३ चे ६२ झाले. मृत्यूंमध्ये तर लक्षणीय फरक दिसलाच नाही. हात धुणे, तापमान पाहणे सुधारले. पण रक्तस्राव आवरणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला जगवणे ही अवघड कामे, औषधांचा पुरवठा आणि वरच्या रुग्णालयाची साथ हे सगळे तक्त्याच्या आवाक्याबाहेर राहिले.

बाळाच्या श्वासाचेच पाहा. जन्मलेल्या शंभर बाळांपैकी पाच-दहा बाळांना पहिला श्वास घ्यायला मदत लागते. पुसणे, पाठ चोळणे आणि तरीही न रडल्यास पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने हवा देणे, हे २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन दिवसांत शिकवले जाते. महिन्याला थोडीच बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात अशी वेळ वर्षातून मोजक्या वेळा येते. मधल्या काळात हात विसरतो. यावर उपाय म्हणजे लेबर रूममध्येच बाहुलीवर आठवड्याला दहा मिनिटांचा सराव. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारा वर्ग त्याची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज ४: शिकवायचे ते डॉक्टरांना, बाकीच्यांनी सांगितलेले करायचे.

वस्तुस्थिती: याचे उत्तर करमाळ्याच्या उत्तरेला, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावात राहून काम करायला शिकलेल्या परिचारिका मिळेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. काही दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गेल्या आठवड्यात गावात काय झाले ते सांगत, त्यातूनच नवे शिकत आणि परत जात. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच तत्त्व नवजात बाळांसाठी वापरले. ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या आरोग्यदूतांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रतिजैविक देणे शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ पर्यंत उतरला. आज करमाळ्यातली आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते, त्या कार्यक्रमाचे मूळ गडचिरोलीत आहे.

जामखेड आणि गडचिरोली यांना जोडणारी गोष्ट म्हणजे न तुटणारा पाठपुरावा. शिकवणारा माणूस वर्ग संपल्यावर निघून गेला नाही.

गैरसमज ५: तपासणी-तक्ता नवशिक्यांसाठी, अनुभवी माणसाला तो कशाला?

वस्तुस्थिती: अनुभवी माणसाचे ज्ञान कमी पडत नाही, घाईत स्मरण चुकते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांनी शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर १९ कलमांचा तक्ता मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने हाच तक्ता १०१ रुग्णालयांत सक्तीचा केला. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: फारसा फरक नाही. टीमने थांबून एकमेकांशी बोलणे हा तक्त्याचा प्राण आहे. शिफ्ट संपताना सगळ्या चौकटींत एकदम बरोबरच्या खुणा केल्या, तर हाती उरतो तो भरलेला कागद.

गैरसमज ६: चूक झाली की दोषी शोधून शिक्षा केली, की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती: बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिल्यास अतिरक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. समजा, उन्हाळ्यात वीज गेली, फ्रिज बंद राहिला आणि औषध निकामी झाले. सिस्टरने वेळेवर सुई देऊनही रक्त थांबत नाही. इथे तिला निलंबित करून पुढच्या बाळंतिणीला काहीच लाभ होत नाही. फ्रिजला इन्व्हर्टर आणि तापमानाची रोजची नोंद यांनी होतो. निष्काळजीपणा असेल तिथे कारवाई हवीच. पण सरसकट भीती घातली की चुका लपवल्या जातात आणि लपलेल्या चुकीतून कोणीच शिकत नाही. माता मृत्यू अन्वेषणात म्हणूनच तीन विलंब तपासतात: घरी निर्णयाला झालेला, वाटेत झालेला आणि दवाखान्यात उपचार सुरू व्हायला झालेला.

गैरसमज ७: पेशंट पुढे पाठवला की आपले काम संपले.

वस्तुस्थिती: करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. इतक्या अंतरात रेफर करणे हाच उपचाराचा एक भाग होतो. गरोदर बाईला झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, रक्तस्राव असेल तर शिरेतून द्रव, साप चावून विषबाधेची लक्षणे असतील तर प्रतिविष, हे सारे गाडीत घालण्यापूर्वी सुरू व्हावे लागते. सोबतच्या चिठ्ठीत काय दिले, किती वाजता दिले, रक्तदाब किती होता हे लिहिलेले असावे आणि पुढच्या रुग्णालयाला आधी फोन गेलेला असावा. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. ती वाटेतला वेळ वाचवते. निघण्यापूर्वीची अर्धी लढाई मात्र पाठवणाऱ्यानेच लढायची असते. पुढे त्या रुग्णाचे काय झाले, हे पाठवणाऱ्याला कळण्याची सोय असेल, तर तीच त्याची पुढची शिकवणी ठरते.

दर्जा मोजण्याची साधने आता सरकारी यंत्रणेतच आहेत. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके २०१३ मध्ये, स्वच्छता आणि जंतुसंसर्ग नियंत्रणासाठी 'कायाकल्प' २०१५ मध्ये, आणि लेबर रूम व प्रसूती शस्त्रक्रियागृहासाठी 'लक्ष्य' २०१७ मध्ये आले. खासगी आणि सरकारी अशा दोन्ही डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण लागतात. गुणवत्ता मानकांच्या तपासणीत कागदपत्रांबरोबर कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारतात, काम करताना पाहतात आणि रुग्णांशीही बोलतात. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. त्याची मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात दरवर्षी पुन्हा तपासणी होते आणि मुदत संपली की पहिल्यापासून सारे सिद्ध करावे लागते.