आदिलाबादचं दुकान, नांदेडचा आयोग

किनवटमध्ये मोबाइल किंवा टीव्ही घ्यायचा म्हटलं की बरेच जण आदिलाबादची वाट धरतात. नांदेडपेक्षा ते जवळ, रेल्वेची सोय आहे आणि दुकानांत निवड जास्त. वस्तू बिघडली की मात्र ठरलेलं बोलणं सुरू होतं: "दुकान तेलंगणातलं. तक्रार करायची तर तिकडच्या कोर्टात जावं लागेल. कोण जाणार?" या एका समजापायी माणसं हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

१९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे बऱ्याच अंशी खरं होतं. दुकानदार किंवा कंपनी जिथली, अथवा व्यवहार जिथे घडला, तिथेच तक्रार करावी लागे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२०मध्ये लागू झाला आणि हे बदललं. कलम ३४प्रमाणे आता तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. दुकान आदिलाबादचं असो, कंपनी बंगळुरूची असो, किनवटच्या माणसाला नांदेडचा जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील देणं बंधनकारक नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही करता येतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. म्हणूनच पहिला फोन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला करावा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि बरीच प्रकरणं आयोगाची पायरी चढण्याआधीच मिटतात. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. हा २०२०चा नियम आहे.

दुसरा समज बिलाचा. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वरून द्या," असं काउंटरवर सांगतात आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं. मोबाइलवर जीएसटी १८ टक्के आहे, हे बरोबर. पण खोक्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरूनच असते. तिच्यावर आणखी कर लावणं म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त घेणं, आणि तो गुन्हा आहे. बिल न देणं हीच २०१९च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. साध्या चिठ्ठीवर 'मोबाइल १ नग' एवढंच लिहून घेऊ नका. बिलावर फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय हवा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. दुकानातून पाय काढण्याआधी खोका, बिल आणि फोन तिन्हींवर तोच आकडा आहे ना, ते पाहा. फोन चोरीला गेला तर संचार साथी पोर्टलवर तो बंद करवताना हाच आकडा लागतो.

बिलाखाली छापलेलं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य माल सदोष असेल तर दुकानदाराच्या कामाचं नाही. बिलावर परतीची मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. मात्र रंग आवडला नाही, मन बदललं, अशा कारणांना हा हक्क लागू नाही. ऑनलाइन कंपन्यांची सात दिवसांची परतीची सोय हे त्यांचं धोरण आहे.

'वॉटरप्रूफ' शब्दावर तर लोक फारच विसंबतात. अशा फोनवर लिहिलेलं आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही प्रयोगशाळेत आणि नव्या फोनवर. फोन पडला, काच किंवा कड उचकटली की ते संरक्षण राहीलच असं नाही, आणि पाण्याचं नुकसान बहुतेक वॉरंटींत बसत नाही. म्हणून सर्व्हिस सेंटरची जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नये. तुम्ही सांगता 'चार्ज होत नाही' आणि कागदावर येतं 'पाणी गेलेलं', असं होऊ शकतं. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, तारीख बघा, फोटो काढून ठेवा. आयोगापुढे हाच कागद बोलतो.

फोनवरच्या गेमिंगबद्दलही दोन टोकांचे समज आहेत. एक, मोबाइलवरचा प्रत्येक गेम म्हणजे जुगार. मला हे मनापासून पटत नाही आणि कायदाही तसं म्हणत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. शिक्षा गेम चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पैसे हरलेल्या पोराने भीतीपोटी घरात लपवत बसू नये. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

दुसरं टोक, विकत घेतलेला गेम कायमचा आपला. डिजिटल गेममध्ये आपण बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना घेतो. युबीसॉफ्टने २०१४चा 'द क्रू' हा गेम ३१ मार्च २०२४ला बंद केला आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. आपल्याकडे पोरं घरच्या फोनवरून स्किन आणि यूसी (गेममधलं चलन) घेतात, त्याला वेगळी वाट आहे. भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, हा मुद्दा तक्रारीत मांडता येतो. पण आधी गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी, कारण त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं आणि काम अवघड होतं. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आहे. ती आजच चालू करून घ्या.