तार गेली तरी धूळ उरते : बॅटरीवरील ग्राइंडर आणि सिलिकाची भुकटी

भिंतीत वायरिंगची झिरी मारणे, लादी मापात कापणे किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यात सिंकची जागा काढणे या कामांसाठी हातात धरून वापरायचे फिरत्या चकतीचे जे यंत्र लागते, त्याला अँगल ग्राइंडर म्हणतात. अलीकडे त्याची लिथियम-आयन बॅटरीवर चालणारी, म्हणजे कॉर्डलेस, आवृत्ती बांधकामावर सर्रास दिसू लागली आहे. वायरचा गुंता नाही, शिडीवर चढताना प्लग निसटत नाही आणि वीजजोडणी न आलेल्या इमारतीतही काम अडत नाही, हे तिचे फायदे खरेच आहेत. मात्र या फायद्यांच्या जोडीने आणखी एक समजूत रुजली आहे, ती अशी की बॅटरीचे यंत्र लहान आणि सौम्य असल्यामुळे त्याची धूळही किरकोळ असते, आणि कामगाराच्या फुफ्फुसांच्या दृष्टीने ही समजूत घातक आहे.

बॅटरीमुळे बदलतो तो फक्त ऊर्जेचा स्रोत. चकती आणि भिंत यांच्यामध्ये जे घडते ते जसेच्या तसे राहते. १२५ मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २६० किलोमीटर भरतो, आणि बॅटरीवरील अनेक ग्राइंडर या वेगाच्या आसपासच चालतात. शिवाय डायमंड ब्लेड हे करवतीसारखे दात लावून कापत नाही, तर धातूच्या पट्टीत बसवलेले हिऱ्याचे बारीक कण दगडाला घासून त्याची पूड करतात, त्यामुळे खाचेच्या जागी असलेले सगळे साहित्य भुकटीच्या रूपानेच बाहेर पडते. अडीच मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर खोल आणि एक मीटर लांब अशी एकच खाच विटांच्या भिंतीत मारली, तर साधारण ११० ग्रॅम भुकटी तयार होते, आणि पाइप बसवण्याच्या झिरीसाठी अशा दोन समांतर खाचा माराव्या लागत असल्याने हे वजन दुप्पट होते. कमी शक्तीच्या यंत्राला हीच खाच मारायला जास्त वेळ लागेल एवढेच. भुकटीचे प्रमाण खाचेच्या मापावर ठरते, मोटरच्या शक्तीवर नव्हे.

डोळ्यांना दिसते ती धूळच धोक्याची आणि ती खाली बसली की हवा स्वच्छ झाली, हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नाकात आणि घशात अडकणारे मोठे कण शरीर शिंकेने, खोकल्याने आणि कफावाटे बाहेर टाकते, परंतु साधारण चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुफ्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांना श्वसनयोग्य कण म्हणतात. पूर्णपणे स्थिर हवेत क्वार्ट्झचा चार मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम सव्वा मिलिमीटर खाली येतो, म्हणजे छातीच्या उंचीवरून जमिनीपर्यंत यायला त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी पाच तास लागतात. प्रत्यक्ष खोलीत माणसे वावरतात, पंखा फिरतो, वारा येतो, त्यामुळे हे कण याहूनही अधिक वेळ तरंगत राहतात. ग्राइंडर बंद झाल्यावर खोली निवळलेली दिसते आणि गिलावा करणारा गडी निर्धास्तपणे आत शिरतो, तेव्हा तो नेमक्या याच न दिसणाऱ्या धुळीत श्वास घेत असतो.

या धुळीतील घातक घटक म्हणजे स्फटिकी सिलिका, अर्थात सिलिकॉन डायऑक्साइडचे क्वार्ट्झसारखे स्फटिकरूप. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा विभागाने २०१६ च्या नियमाने आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली, आणि बांधकाम क्षेत्रात तिची अंमलबजावणी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशा खोलीतील सगळी हवा या मर्यादेला आणून सोडायला सुमारे १.४ मिलिग्रॅम श्वसनयोग्य सिलिका पुरेशी असते, आणि वर हिशेब मांडलेल्या एका मीटरच्या खाचेतून तर ११० ग्रॅम भुकटी निघते. तिच्यातील फारच थोडा भाग इतका बारीक असतो हे मान्य केले, तरी या दोन आकड्यांमधली दरी एवढी प्रचंड आहे की थोडीशी धूळ चालते असे म्हणायला जागाच उरत नाही.

चार मिनिटांचे काम, त्यासाठी कुठे धूळ ओढणारा पंप जोडत बसायचे, ही सबबही याच हिशेबात टिकत नाही. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते आणि ९०० वॅटच्या भाराखाली ती सुमारे सहा मिनिटांत संपते, त्यामुळे बॅटरीचे काम तुकड्यातुकड्यांनी होते आणि प्रत्येक तुकडा क्षुल्लक वाटतो. परंतु आठ तासांची मर्यादा पंधरा मिनिटांत संपवायची तर हवेत घनमीटरमागे १.६ मिलिग्रॅम श्वसनयोग्य सिलिका असणे पुरते, आणि बंद खोलीत धूळशोषणाविना झिरी मारताना ही पातळी सहज ओलांडली जाते.

सगळे दगड सारखेच, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. वालुकाश्मात सिलिकेचे प्रमाण ७० ते ९० टक्के, ग्रॅनाइटमध्ये २० ते ४५ टक्के, विटेत ३० टक्क्यांपर्यंत, तर शुद्ध चुनखडीच्या दगडांत पुष्कळच कमी असते. महाराष्ट्राचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात मुक्त क्वार्ट्झ अत्यल्प असते, हेही खरे. पण कापली जाणारी भिंत क्वचितच एकजिनसी असते. विटा, रेती, काँक्रीट आणि चिनी मातीच्या लाद्या एकाच खाचेत येतात, म्हणून काळ्या दगडाच्या मुलखात सिलिकेची भीती नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. सर्वांत गंभीर बाब आहे ती क्वार्ट्झ या नावाने विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाच्या ओट्याची. नैसर्गिक दगडाची भुकटी राळेत घट्ट बसवून तो तयार होतो, त्यात सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकते, आणि तो कोरडा कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये अवघ्या काही वर्षांत गंभीर आजार आढळल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या निर्मितीवर, पुरवठ्यावर आणि वापरावर बंदी घातली. शहरातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत उकिडवे बसून, तोंडाला रुमाल बांधून हाच दगड ग्राइंडरने कोरडा कापणारा कारागीर किती मोठी जोखीम पत्करतो, याची कल्पना ना त्याला असते ना घरमालकाला.

हा आजार म्हणजे सिलिकोसिस, आणि तो फक्त खाणीतल्या म्हाताऱ्या कामगारांना होतो असे चुकीने मानले जाते. वायुकोशांत शिरलेल्या सिलिकेच्या कणांना गिळण्यासाठी धावणाऱ्या संरक्षक पेशी स्वतःच मरतात, त्या जागी व्रणासारख्या ताठर ऊतीच्या गाठी बनतात आणि फुफ्फुसांची लवचीकता कायमची जाते. कमी धुळीत हा आजार दहा-वीस वर्षांनी दिसतो, तर अतितीव्र धुळीत काही महिन्यांतही. धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो आणि तो उलटवणारे औषध उपलब्ध नाही. सिलिकेमुळे क्षयरोगाचा धोका वाढतो आणि दोन्ही आजारांची लक्षणे मिळतीजुळती असतात, त्यामुळे आपल्याकडे अनेक रुग्णांवर केवळ क्षयाचेच उपचार होत राहतात आणि मूळ कारण नोंदलेच जात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत केला गेला होता, परंतु आज या इमारतीत तर उद्या त्या इमारतीत काम करणारा बांधकाम मजूर अशा नोंदींच्या बाहेरच राहतो.

धुळीच्या कामानंतर गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ होते, हा समज महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर पसरलेला असून काही ठिकाणी मालकच मजुरांना गूळ वाटतात. या समजुतीला आधार म्हणून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका प्रयोगाचा दाखला दिला जातो, आणि त्यात गुळामुळे फुफ्फुसांतील कण हलण्यास मदत झाल्याचे दिसले होते. परंतु उंदरांवरील अशा निरीक्षणावरून माणसाला सिलिकोसिसपासून संरक्षण मिळते असे सिद्ध होत नाही. गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो आणि त्याने घशाची खवखव शमते. या आरामालाच बचाव समजून मास्क बाजूला ठेवला जातो, तिथे खरे नुकसान होते. ओल्या रुमालाचेही तसेच, कारण कापडाच्या विणीतील छिद्रे या कणांच्या मानाने फार मोठी असतात. भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ दर्जाचा किंवा एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर उपयोगी पडतो, मात्र दाढी असेल तर कडेने हवा शिरते, आणि एकाने मास्क लावल्याने त्याच खोलीत काम करणाऱ्या इतरांचे रक्षण होत नाही. म्हणून धूळ जिथे तयार होते तिथेच ती पकडणे हा पहिला उपाय आणि मास्क हा त्याच्या जोडीचा.

धूळ पकडण्यासाठी चकतीभोवती एक बंदिस्त आवरण बसवतात, त्याला श्राउड म्हणतात, आणि त्याच्या तोंडाला नळीने निर्वात पंप, म्हणजे व्हॅक्यूम, जोडतात. आवरण बसवले की काम झाले, असे इथे मानले जाते. प्रत्यक्षात आवरणाची कड भिंतीला सपाट टेकलेली नसेल तर फटीतून भुकटी सुटते, आणि खाच मारण्याच्या दिशेनेही मोठा फरक पडतो. यंत्र चकतीच्या फिरण्याच्या दिशेनेच ओढत नेले, तर भुकटी आधीच कापलेल्या खाचेत फेकली जाते आणि त्या खाचेतून आवरणाखालून निसटते. विरुद्ध दिशेने सरकवले तर ती न कापलेल्या बाजूला आवरणाच्या आतच राहते, शिवाय यंत्र हातातून उसळण्याचा धोकाही कमी होतो. आवरणामुळे कापाची खोली काही मिलिमीटरने घटते म्हणून ते काढून टाकण्याची सवय दिसते, आणि त्याबरोबर चकती फुटली तर तुकडे अडवणारे संरक्षणही निघून जाते.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर चालेल, हा पुढचा गैरसमज. अमेरिकी नियमानुसार विटांच्या सांध्यांतला मसाला ग्राइंडरने काढताना चकतीच्या दर इंच व्यासामागे मिनिटाला किमान २५ घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. पाच इंची चकतीसाठी हा प्रवाह १२५ घनफूट, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेतीन हजार लिटर होतो. घरगुती यंत्राची गाळणी इतक्या बारीक भुकटीने काही मिनिटांत चोंदते, आणि जे कण अडत नाहीत ते मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकले जातात. युरोपीय मानकात अशा यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग केले आहेत आणि त्यांतून अनुक्रमे १ टक्का, ०.१ टक्का आणि ०.००५ टक्क्यांपर्यंतच धूळ निसटू दिली जाते. दगड-विटांच्या कामासाठी किमान एम वर्ग हवा. त्यात नळीतील हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की इशारा मिळतो, आणि तो मिळताच हात थांबवून गाळणी झटकणे आवश्यक असते. भुकटीचा मोठा भाग गाळणीआधीच वेगळा करणारे चक्रवाती भांडे जोडले तर प्रवाह बराच काळ टिकतो.

कॉर्डलेस ग्राइंडरच्या बाबतीत इथे एक खास अडचण उभी राहते. वायरचे ग्राइंडर व्हॅक्यूमवरील सॉकेटमध्येच जोडता येते आणि चकती फिरू लागली की पंप आपोआप सुरू होतो. बॅटरीच्या यंत्राला सॉकेटच नसल्यामुळे पंप स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो आणि घाईत तो विसरला जातो. काही उत्पादकांनी बॅटरीतून किंवा यंत्रातून बिनतारी संकेत देऊन पंप चालू करण्याची सोय केली आहे, आणि नेहमी झिरी मारणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजणे योग्यच आहे. पंपही बॅटरीचाच घ्यायचा असेल तर हवेचा प्रवाह आणि तो किती मिनिटे टिकतो हे दोन्ही आकडे पाहावेत, कारण हलक्या पंपांपैकी अनेक पंप पाच इंची चकतीची गरज भागवू शकत नाहीत. त्याउलट १८ आणि २० व्होल्ट या आकड्यांच्या तुलनेत वेळ घालवण्याचे कारण नाही. पाच सेल एकापुढे एक जोडलेली ती एकच बॅटरी असते, एका आकड्यात सरासरी दाब लिहिलेला असतो आणि दुसऱ्यात पूर्ण चार्ज असतानाचा.

पाण्याने धूळ बसते हे खरे, पण बॅटरीचे यंत्र असल्याने पाणी बिनधास्त ओतता येते हे खरे नाही. मदतनिसाने झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीतून चकतीवर पाणी सोडायचे, ही पद्धत वायरच्या ग्राइंडरबरोबर विजेच्या धक्क्याला निमंत्रण देते, आणि बॅटरीच्या ग्राइंडरमध्ये धक्क्याचा धोका कमी असला तरी पाणी मोटर आणि इलेक्ट्रॉनिक भागात शिरते. ओले कापण्यासाठी पाण्याची जोडणी मुळातच असलेली यंत्रे, बॅटरीवरील कट-ऑफ सॉसह, मिळतात आणि तीच वापरावीत. उडालेला चिखल वाळला की त्याची पुन्हा भुकटी होते, म्हणून तो ओला असतानाच काढावा.

कित्येकदा ग्राइंडरची गरजच नसते. विटेचा अद्धा अनुभवी गवंडी थापीच्या एका फटक्यात पाडतो, एएसी ब्लॉक हातकरवतीने कापला जातो, सिरॅमिकची लादी रेघ ओढून मोडणाऱ्या हातकटरने धुळीविना तुटते. आणि ग्राइंडर वापरलाच, तर काम संपल्यावर कोरडा झाडू किंवा बॅटरीचा ब्लोअर फिरवणे टाळावे लागते, कारण बसलेले बारीक कण त्याने पुन्हा तासन्‌तास हवेत राहतात. फरशी त्याच एम वर्गाच्या व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने पुसावी, आणि पंपातील भरलेली पिशवी मास्क न काढता, तिचे तोंड बांधून उचलावी.