तीर्थनचा ट्राउट : एका परक्या माशाची सव्वाशे वर्षं

हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउटच्या गळाचा खरा हंगाम येतो तो दसऱ्याच्या आसपास. पावसाळाभर नदी गढूळ आणि बेभान असते. पाऊस ओसरला की पाणी निवळतं, तळातले गोटे दिसू लागतात आणि १ नोव्हेंबरला मासेमारी बंद होईपर्यंत काठावर गळवाल्यांची वर्दळ असते. परवाने, गाइड, घरगुती मुक्काम असं सगळं अर्थकारण या माशाभोवती उभं आहे. गुशैणी, नागणी या काठच्या गावांतल्या पोरांना ट्राउट आपलाच वाटतो. मूळचा मात्र तो इथला नाही.

भारतात तो आला काश्मीरमार्गे. बेडफर्डच्या ड्यूकने १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप मात्र जगली. श्रीनगरात गालिचांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी ती वाढवण्याची जबाबदारी घेतली आणि हारवनला हॅचरी उभी राहिली. तिथून १९०९मध्ये ट्राउट कुलूत पोचला. तेव्हाचे सहायक आयुक्त हॉवेल यांनी कटराईंजवळ महिलीला हॅचरी काढून बियास आणि तिच्या उपनद्यांत पिल्लं सोडली. हा सारा खटाटोप साहेबांच्या शौकासाठी होता. इथल्या माणसांच्या ताटात त्याआधीपासून गुगली ही इथलीच मासळी होती. तीही थंड पाण्यातली, गोट्यांवरचं शेवाळ खरवडून खाणारी. तिची दखल त्या वेळी कुणी घेतली नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, मासा राहिला. हॅचऱ्या आणि परवाने राज्याच्या मत्स्य विभागाकडे आले. १९९०च्या आसपास पतलीकूहलला नॉर्वेच्या मदतीने ट्राउटपालनाचा प्रकल्प झाला आणि तिथून दोन वाटा फुटल्या. शेतकऱ्यांच्या सिमेंटच्या टाक्यांत वाढून हॉटेलांत जातो तो रेनबो ट्राउट. नदीत आपल्या बळावर जगतो, वाढतो, अंडी घालतो तो ब्राउन ट्राउट. शरदात लोक गळ घेऊन येतात ते या दुसऱ्यासाठी.

त्याला धरायचं तर गळ टाकण्याआधी उथळ पाण्यातला एखादा गोटा उचलून उलटा करावा. त्याच्या पोटाशी वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी दिसतात. ती कॅडिसच्या अळ्यांची घरं. बाजूलाच चपट्या अंगाच्या, लांब शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या चटकन आडोशाला पळतात. ट्राउटचं बरंचसं पोट यांच्यावर भरतं. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून गरीवर बांधलेली ‘माशी’ ही यांचीच नक्कल. गोट्याखाली दिसेल त्याच रंगाची, त्याच मापाची माशी डबीतून काढावी.

शरदातलं पाणी कमी आणि आरपार असतं, त्यामुळे मासा बुजरा होतो. त्याच्या पाठीमागून, वाकून, खालच्या अंगाने वर जावं लागतं. दोर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा आणि माशी पाण्याच्याच चालीने खाली येऊ द्यायची. दोराला किंचित ताण बसून माशी प्रवाहाला आडवी सरकली, तर मासा तिच्याकडे फिरकतही नाही. सगळं जुळून आलं तर मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात एक सावली वर येते, दोर थबकतो आणि काठी हातात जिवंत होते. या दिवसांत नराचा रंग चढलेला असतो: पिवळट सोनेरी पोट, कडेला फिक्या कड्यांतले तांबडे ठिपके, खालच्या जबड्याला आलेला बाक. उलटा काटा आधीच चेपून ठेवला असेल तर गरी अलगद निघते. हात ओले करूनच त्याला धरावं, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमांना वाट मिळते. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं आणि जोर आला की सोडायचं.

हा रंग, हा बाक विणीच्या तयारीचा असतो. थंडी वाढली की मादी वाहत्या पाण्यातल्या बारीक खडीत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि खडीनेच झाकते. पाण्याच्या थंडाव्यानुसार पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. तोवर त्या खडीतून प्राणवायू असलेलं पाणी अखंड खेळायला हवं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद. नेमक्या याच महिन्यांत नदीला सर्वांत कमी पाणी असतं आणि जलविद्युत प्रकल्पांचा घाव इथेच बसतो. बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंत पाणी बोगद्यातून जातं आणि मधला पट्टा जवळपास कोरडा पडतो.

तीर्थनच्या खोऱ्यातही असे अनेक प्रकल्प येऊ घातले होते. माजी आमदार दिले राम शबाब यांच्या पुढाकाराने गावकरी एकत्र आले, लढा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते प्रकल्प रद्द झाले. ट्राउटचं पाणी राखलं पाहिजे, हा लोकांच्या बाजूचा एक ठळक मुद्दा होता. शेजारच्या सैंज नदीच्या वाट्याला दुसरं नशीब आलं. तिच्यावर पार्वती प्रकल्पाचा ५२० मेगावॉटचा तिसरा टप्पा आणि १०० मेगावॉटचा सैंज प्रकल्प उभे आहेत. दोन्ही नद्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून उतरतात. २०१४मध्ये या उद्यानाला जागतिक वारशाचा मान मिळाला. उद्यानाबाहेर लारजीपर्यंत आजही मोकळी वाहते ती तीर्थनच. परक्या माशाने एका नदीचं एवढं मोठं काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण म्हणून त्याच्या हिशेबाची दुसरी बाजू झाकायची नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत ब्राउन ट्राउटचं नाव आहे. तो गुगलीची पिल्लं खातो, तिच्या जागा बळकावतो. हिमालयातली ही गुगली आज आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित मानली जाते. त्यात जुलै २०२३सारखे पूर येतात, रस्त्यांसाठी फोडलेल्या डोंगरांचा राडारोडा नदीत लोटला जातो आणि बारीक गाळाने खडीची भोकं बुजतात. विणीची जागा मग दोघांचीही जाते, ट्राउटची आणि गुगलीचीही.

सव्वाशे वर्षांनंतर ट्राउटला बाहेर काढणं शक्य नाही आणि या खोऱ्यातल्या कुणाला ते नकोही आहे. पण जिथे तो अजून पोचलेला नाही, ते वरचे नाले गुगलीसाठी राखून ठेवता येतील, तिथे हॅचरीतली पिल्लं सोडायची नाहीत असं ठरवता येईल. काठावर ढिगारे टाकणाऱ्याला गळवाल्यांनीच आधी हटकायला हवं. परवान्याच्या पैशातला काही भाग गुगलीच्या पैदाशीवर खर्च व्हायला हवा. ट्राउटसाठी माणसं एकदा नदीच्या बाजूने उभी राहिली. तेच बळ आता त्या माशाच्या बाजूने लागायला हवं, ज्याच्यासाठी परवाना काढून कुणी येत नाही.