थकलेल्या बॅटरीचा सौदा

दारात वीजगाडी : भाग ६

जुनी पेट्रोल गाडी घ्यायला निघालो की आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तो बोनेट उघडतो, ऑइलची काडी बोटावर पुसतो, सायलेन्सरचा धूर बघतो आणि मालकाच्या नकळत डोळ्यानंच होय की नाही सांगून टाकतो. वीजगाडीपुढे त्याचा निम्मा अनुभव बाद होतो. टायर, ब्रेक, सस्पेन्शन तो पाहील, ते जरूर पाहू द्या. पण किमतीचा सगळ्यात मोठा हिस्सा गाडीच्या पोटाखाली बंद पेटीत असतो आणि त्या पेटीकडे नुसतं बघून काही कळत नाही. किती किलोमीटर चालली, हा आकडाही इथे अर्धवटच बोलतो. कमी चाललेली, पण वर्षानुवर्षं उन्हात पूर्ण चार्ज करून उभी ठेवलेली गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त थकलेली असू शकते.

गेल्या भागात घरातला १५ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग पाहिलं. आता गाडी निवडू. हिशेबासाठी एक घर धरू या, नांदगाव पेठचं. (महामार्गावरचं, अमरावतीला लागून असलेलं, नांदगाव खंडेश्वर वेगळं.) नवरा एमआयडीसीत, बायको अमरावतीत नोकरीला, दोन पोरं शाळेत, घरात म्हातारी आई. हाताशी सहा-सात लाख. रोज अमरावती, आठवड्यातून एकदा वावर, महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्याचे सोयरे, कधी नागपूरचा दवाखाना, आणि पावसाळ्यात एकदा चिखलदरा.

अमरावतीला जाऊन-येऊन, गावातली फिरफिर धरून, रोजचे ३० किलोमीटर होतात. लहान वीजगाडीला त्यासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण चार युनिट लागतात. महावितरणच्या बिलात पन्नास-साठ रुपये. पेट्रोलच्या गाडीत तेवढ्याच अंतराला दोन लिटर जातात आणि लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. महिन्याला शंभरेक युनिट वाढतील, त्यामुळे बिलाचा टप्पा १०० किंवा ३०० युनिटच्या वर सरकतो का, ते आधी जुन्या बिलांवरून पाहा. छतावर सौर पॅनल असेल तर एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे रोजची अमरावती त्यातच निघते. उशाला १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प असलेल्या गावानं छतावरच्या एका किलोवॉटचं कौतुक करावं, हे जरा गमतीचं आहे खरं.

आता बॅटरीचे आकडे. गाडीच्या जाहिरातीत जो किलोवॉट-तास असतो तोच आपल्या मीटरवरचा युनिट. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि कागदावरची धाव ३१२ किलोमीटर. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेली टियागो ईव्ही दोन बॅटऱ्यांत आली : १९.२ युनिट (२५० किलोमीटर) आणि २४ युनिट (३१५ किलोमीटर). कागदावरचे हे आकडे प्रयोगशाळेतले. एसी लावून, घरची माणसं बसवून चालवायची तर त्यातला एक तृतीयांश सरळ कापा. म्हणजे नव्या गाडीतही दोनशेच्या आसपास.

समजा एखाद्या जुन्या गाडीची बॅटरी ८० टक्क्यांवर आली आहे. दोनशेचे एकशे साठ झाले. बाजारात हा आकडा ऐकताच गिऱ्हाईक मागे सरतं आणि भाव पडतो. पण आपल्या घराला रोज हवेत ३०. या घरानं तरुण बॅटरीसाठी जास्तीचे दोन लाख मोजावेत असं मला वाटत नाही. थकलेली बॅटरी ही इथे सवलत आहे, फक्त ती किती थकली हे नेमकं कळलं पाहिजे आणि तेवढे पैसे भावातून उतरले पाहिजेत.

ते कळण्याचे मार्ग आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी संगणकाला जोडून बॅटरीच्या तब्येतीचा टक्का काढून मिळतो; तो छापील मागा. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या उरलेल्या किलोमीटरवर मात्र जाऊ नका. तो आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. विकणाऱ्यानं दोन दिवस एसी बंद ठेवून हळू चालवली की आकडा फुगतो.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मीटरची परीक्षा. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरवा, रात्री घरच्या पॉइंटला लावा आणि १०० होईपर्यंत किती युनिट गेले ते मोजा. मध्ये स्वस्तातलं सबमीटर बसवलं तर पंखा-फ्रीजचा घोळ राहत नाही. २४ युनिटच्या बॅटरीत ८० टक्के म्हणजे १९ च्या थोडं वर. चार्जरमध्ये उष्णता होऊन दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणून तंदुरुस्त बॅटरीला मीटरवर २१-२२ युनिट लागायला हवेत. १८ लागले तर समजा की बॅटरी ऐंशीच्या जरा वर आहे. १५ वरच भरली, तर सत्तरच्याही खाली गेली, मालक काहीही म्हणो. सोबत रस्त्याचीही चाचणी घ्या : ८० टक्क्यांवर निघून गुरुकुंज मोझरीपर्यंत जाऊन या, एसी लावून, घरची चार माणसं बसवून. चाळीसेक किलोमीटरला २० टक्के उतरले तर पूर्ण चार्जमध्ये दोनशे; ३० टक्के उतरले तर एकशे तीस-पस्तीस. दोन्ही परीक्षांचं उत्तर जवळपास एकच यायला हवं.

वऱ्हाडात बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा. अमेरिकेत ॲरिझोनाच्या फिनिक्स भागात, जिथे पारा आपल्या अकोल्यासारखाच पंचेचाळीसच्या पुढे जातो, २०१२ मध्ये निसान लीफच्या मालकांनी ओरड केली की वर्ष-दोन वर्षांतच बॅटरीची क्षमता घसरली. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवणारं द्रवाचं अभिसरण नव्हतं. कंपनीला पुढे क्षमतेची वॉरंटी द्यावी लागली आणि उष्णता सोसणारी बॅटरी आणावी लागली. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का? नेक्सॉन आणि टियागोत ते आहे. महिंद्राच्या जुन्या ई-टू-ओसारख्या गाड्या स्वस्त दिसतात, पण आपल्या मे महिन्यासाठी मी त्या घेणार नाही. एमएच ३० ची गाडी चार उन्हाळे उघड्यावर उभी राहिली असेल, तर तेवढ्याच वयाची एमएच १२ ची, पुण्याच्या पार्किंगमधली, दहा-वीस हजार जास्त देऊनही बरी.

लांबच्या प्रवासाचा हिशेब वेगळा. अकोल्याचा रस्ता मोहात पाडणारा आहे. त्यातल्या लोणी ते माना पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. पण वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो आणि टक्के भराभर उतरतात. जायला अडचण नाही, परतण्याआधी चार्ज लागेल. नागपूर सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे थकलेल्या २४ युनिटच्या गाडीला वाटेत तासभर जलद चार्जिंग. आणि टोल? राज्याच्या २०२५ च्या धोरणातली वीजगाड्यांची टोलमाफी समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर आहे. नांदगाव पेठचा नाका राष्ट्रीय महामार्गावरचा, तिथे फास्टॅगमधून पैसे कटतील.

चिखलदऱ्याला परतवाड्यापासून साडेसातशे मीटर चढायचं असतं. माणसांसह दीड टनाची गाडी तेवढी वर न्यायला साडेतीन-चार युनिट जास्तीचे लागतात. उतरताना मोटर उलटी चालून त्यातले बरेचसे परत मिळतात, तरी वर पोचताना काटा खाली गेलेला दिसेल. परतवाड्यातला चार्जर चालू आहे का, ते घरून निघतानाच पाहा.

मग कोणती घ्यावी? या घरासाठी माझी पहिली पसंती २४ युनिटची टियागो, २०२३ ची. वावराचा रस्ता पावसाळ्यात काळ्या मातीचा असेल तर उंच असलेली जुनी नेक्सॉन. घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळ दगडानं ठेचला आहे का, तेही पाहा. एमजी कॉमेट शहरात झकास, पण तिला जलद चार्जिंग नाही, नागपूर विसरा. ताफ्यात टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्या फार स्वस्त मिळतात. त्यांच्या हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी असतात, खासगी गाडीची पांढरी. काही जुन्या ताफ्यांतल्या गाड्यांना आजच्या सीसीएस-२ चार्जरचा प्लगच बसत नाही. त्या टाळा. हायब्रिडबद्दलही विचारणा होते : ग्रँड व्हिटारा, हायरायडर या चांगल्या गाड्या असतील, पण त्यांना घरी प्लग लावता येत नाही, म्हणून त्या या लेखमालेबाहेर.

वॉरंटी म्हणजे जुन्या वीजगाडीतला रोख माल. टाटाची ती ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते; म्हणजे २०२० च्या सुरुवातीची नेक्सॉन २०२८ मध्ये बाहेर पडते. एमजी विंडसरची आजीवन बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच आहे. तुमच्या नावावर वॉरंटी किती उरते आणि किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, हे डीलरच्या कागदावर घ्या. भावाची वरची मर्यादाही लक्षात असू द्या : नवी लहान टियागो ईव्ही ८ लाखांच्या आत सुरू होते आणि सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तीन वर्षांची टियागो कुणी सात लाखांना सांगत असेल तर चहा पिऊन उठा.

पुढच्या भागात आरटीओचे फॉर्म आणि बँकेचा बोजा. तोवर एकच करा : बयाणा देण्याआधी गाडी एक रात्र आपल्या मीटरवर लावायला मागा. मालक तयार नसेल तर ती गाडी सोडून द्या.