यादीबाहेरची बाटली

लग्न ठरलं की आपल्याकडे याद्या होतात. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लागतं, वर 'श्री' लिहिला जातो आणि एकेक बाब पुढे येते. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, मानपान किती, वाजंत्री कुणी सांगायची. करवलीच्या साडीपर्यंत सगळं लिहून होतं. एक ओळ मात्र कुणी लिहीत नाही. पोहे-चहा झाल्यावर, जिन्यात चपला घालता घालता कुणीतरी हळूच विचारतं, "बाकी... बसायची सोय?"

ही 'बसायची सोय' इगतपुरीत हमखास निघते. मुंबईहून सव्वाशे किलोमीटर, नाशिकहून पंचेचाळीस. दोन्हीकडच्या वऱ्हाडाला मधलं पडतं, डोंगर आहेत, धरणं आहेत, मुक्कामाला रिसॉर्ट आहेत. मुहूर्ताचं जेवण पंगतीत होतं, तिथे दारूचा प्रश्नच नसतो. प्रश्न येतो हळदीच्या रात्री आणि रिसेप्शनला. मी अशा दोन लग्नांचा हिशेब स्वतः सांभाळलाय, आणि ही ओळ यादीतच लिहायला हवी असं माझं ठाम मत झालंय. किती, कुणाच्या पैशांनी, कोण वाढणार, सगळं. त्या हिशेबात हाती लागलेल्या गमतीजमती इथे देतोय.

नवरदेव बोहल्यावर चालतो, व्हिस्कीला नाही

मुलाला लग्नासाठी कायद्याने २१ वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनलाही २१च. पण व्हिस्की, रम, व्होडका यांच्यासाठी वय लागतं २५. म्हणजे चोवीस वर्षांचा नवरदेव संसार थाटू शकतो, पण स्वतःच्या रिसेप्शनला व्हिस्कीचा पेग उचलू शकत नाही. त्याच्या कॉलेजच्या मित्रांची टोळीही बहुतेक याच वयाची. पाहुण्यांच्या यादीत पंचविशीच्या आतली नावं वेगळी काढलीत, तर कडक दारूचा आकडा तिथेच खाली येतो.

पाच रुपयांचा कागद

आपल्या राज्यात अजून १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. मोरारजी देसाईंच्या काळातला हा मुंबई दारूबंदी कायदा, आता नावापुढे महाराष्ट्र लागलंय. १९५१ साली बलसारा खटल्यात तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, काही कलमं पडली, बाकी कायदा टिकला. पुढे बंदी सैल झाली ती परवान्याच्या रूपाने. म्हणून आजही पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना, आणि आयुष्यभराचा १,००० रुपयांना. अख्ख्या लग्नाच्या खर्चात ५ रुपयांत येणारी ही एकच वस्तू असावी.

यजमानाचं काम मात्र तेवढ्यावर भागत नाही. रिसॉर्टकडे स्वतःचा परमिट रूमचा परवाना असेल तर दारू सहसा त्यांचीच, दर त्यांचे. फार्महाऊस किंवा लॉन असेल आणि त्यांच्याकडे परवाना नसेल, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून त्या समारंभापुरता एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. त्याची फी हिशेबात पहिल्या ओळीला धरा. आणि "दमणहून स्वस्तात आणू", "गोव्याहून येताना चार पेट्या टाकू" म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो, त्याला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. परराज्यातली दारू इथे आणणं गुन्हा आहे, आणि लग्नघरातून पोलीस ठाण्यात कुणालाच जायचं नसतं.

माणसं नका मोजू, पिणारे मोजा

चूक होते ती इथेच. तीनशे पाहुणे म्हटलं की केटरर तीनशेला गुणतो. त्या तीनशेत आजी-आजोबा आहेत, लहान मुलं आहेत, माळकरी आहेत, गुरुवार पाळणारे आहेत, गाडी चालवणारे आहेत. नावं समोर ठेवून पिणाऱ्यांवर खुणा करा. समजा ८० निघाले.

पार्टीवाल्यांचा ठोकताळा असा: पहिल्या तासाला माणशी दोन, पुढे दर तासाला एक. तीन तासांचं रिसेप्शन म्हणजे माणशी चार, ८० जणांचे ३२० ग्लास. आता वाटणी. व्हिस्की-रमचे १६० लार्ज, बिअरचे १००, वाईनचे ६०. ७५० मिलीच्या खंब्यातून ६० मिलीचे लार्ज निघतात साडेबारा, धरायचे बारा, म्हणजे खंबे १४. ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत दोन ग्लास, म्हणजे ५० बाटल्या, डझनाची पेटी धरली तर पाच पेट्या. वाईनच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास, म्हणजे १२ बाटल्या. झालं! तीनशेच्या आकड्याने जी धडकी भरते, ती निम्मी इथेच उतरते.

ऋतू बघून वाटणी फिरवा. मे महिन्यात बिअर वाढवा. डिसेंबर-जानेवारीत इगतपुरीला रात्री असा गारठा पडतो की लोक शेकोटी सोडत नाहीत, तेव्हा बिअरच्या पेट्या तशाच उरतात आणि रम संपते.

डमरू

बारवर पेग मोजायचं स्टीलचं माप बघितलंय? अगदी डमरूसारखं. एका बाजूला ३० मिली, उलटं केलं की ६०. माझ्या मावसभावाच्या लग्नात मी अर्धा तास त्या टेबलाशेजारी उभा होतो. माप बाटलीशेजारी पालथं पडलेलं, आणि वाढणारा मुलगा हातानेच अंदाजाने ओतत होता. मनाने फार चांगला मुलगा, कुणाला कमी पडू नये एवढंच त्याच्या डोक्यात. पण स्मॉल ३०चा ४० झाला की खंब्यातले २५ पेग थेट १८वर येतात. दर चार बाटल्यांमागे एक बाटली नुसत्या अंदाजात जाते. पतियाळा पेगची तर गोष्टच वेगळी. करंगळीपासून तर्जनीपर्यंत बोटं ग्लासाला लावून मोजायचा, साधारण १२० मिली, खंब्यात जेमतेम सहा. म्हणून वाढणाऱ्याला आधी सांगा, डमरू हातातून सुटता कामा नये.

मागची इंजिनं

कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडीला जादा इंजिनं जोडतात, हे रेल्वेने आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थळ घाटाचा चढच तसा, ३७ फुटांत एक फूट. दारूच्या खर्चालाही अशी मागून ढकलणारी इंजिनं असतात आणि यादी करताना ती कुणाला दिसत नाहीत.

बर्फ हे पहिलं. माझा अनुभव पिणाऱ्यामागे एक किलोचा, म्हणजे वरच्या हिशेबात ८० किलो, आणि बिअर गार करायला टबात टाकायचा तो वेगळा. ग्लासात घालायचा बर्फ आणि लादी फोडून टबात टाकायचा बर्फ एकत्र येऊ देऊ नका, टबातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. मग सोडा: १६० लार्जना ३० लिटरच्या वर सोडा-पाणी लागतं. मग काचेचे ग्लास, त्यांची फूट, दोन वाढपी, बाहेरची बाटली उघडू देण्याबद्दल हॉटेल लावतं ते कॉर्केज. आणि चखणा! शेंगदाणा मसाला, पापड, उकडलेली अंडी, नाशिकचा चिवडा, कांदाभजी. चखणा जेवणाच्या केटररकडेच द्या, वेगळ्या काउंटरवर तोच चिवडा पेगच्या भावाने मिळतो.

दोन बिलं, दोन कर

पिण्याची दारू जीएसटीत येत नाही. जेवणाला जीएसटी, दारूला राज्याचा व्हॅट. म्हणून 'सगळं मिळून माणशी इतके' असं पॅकेज कुणी पुढे केलं तर दारूची ओळ वेगळी करून मागा, नाहीतर कशावर काय लागलं ते कळत नाही.

२०२५च्या जूनमध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पटीवरून साडेचारपट केलं. १८० मिलीच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. त्याआधीच्या लग्नाचं बिल समोर ठेवून बजेट करत असाल तर ते बाजूला ठेवा. या वाढीतून बिअर आणि वाईन वगळली होती. इगतपुरीकरांसाठी ही बातमी मोठी, कारण वाईन त्यांच्याच तालुक्यात होते.

वाईन तालुक्यातलीच

नाशिकची वाईन म्हटलं की लोक गंगापूर धरणाकडे बोट दाखवतात. तिथल्या सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. पण खुद्द इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झम्पाची वायनरी आहे, आणि तिथेच कवनई शिवारात, मुकणे धरणाच्या पाण्याकाठी, वलोन. रिसेप्शनच्या मांडवापासून तासाभराच्या आत बाटली जिथे भरली ती जागा बघता येते! युरोपात द्राक्षं उतरतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे ऐन लग्नसराईत. फेब्रुवारीत मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना भरलेल्या वेली दिसतात.

इथे माझा सल्ला थोडा हट्टाचा आहे. टोस्टला परदेशी शॅम्पेन आणण्यात पैसे घालवू नका. नाशिकच्या स्पार्कलिंगच्या एका बाटलीत सहा उंच ग्लास भरतात, टोस्टपुरते ते पुरतात. आणि रेड वाईन बर्फात टाकू नका, तिला साधारण १६ ते १८ अंश मानवतात. हिवाळ्यातल्या इगतपुरीच्या संध्याकाळी ती नुसती टेबलावर ठेवली तरी चालते. तेवढाच बर्फ वाचला.

जगातली लग्नं

लग्नात दारू कमी पडल्याची गोष्ट दोन हजार वर्षं जुनी आहे. बायबलमधलं काना गावचं लग्न. द्राक्षारस संपला, यजमानाची लाज जायची वेळ आली, आणि येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. एकेका रांजणात ऐंशी ते शंभर-सव्वाशे लिटर, म्हणजे आजच्या सहाशेहून जास्त बाटल्या. इंग्रजीतल्या 'ब्रायडल' या शब्दाच्या पोटातही 'एल' ही बिअरच लपलेली आहे, नवरीच्या लग्नाची एल. जपानी लग्नात वधूवर लहान-मोठ्या तीन वाट्यांतून तीन-तीन घोट साके घेतात, एकूण नऊ. इतकं आटोपशीर बजेट दुसरीकडे नसेल.

आपल्या इथेही बघा. मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाला मसाले घातलेलं गरम खिमट लागतं. वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही पुरोहित स्त्री लग्न लावते आणि ताडी विधीचाच भाग असते. तिथे ती जिन्यात विचारायची गोष्ट नाही, मांडवातली आहे.

त्याच गावात

इगतपुरी स्टेशनच्या वर डोंगराला टेकून धम्मगिरी आहे. १९७६पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, आणि पाळायच्या शीलांमध्ये एक आहे नशेपासून दूर राहण्याचं. एकाच गाडीतून उतरणाऱ्यांपैकी निम्मे तिकडे चाललेले असतात, निम्मे रिसॉर्टकडे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम सगळीकडे आहे, इथे तो मनापासून पाळावा. दहाला संगीत थांबतं, तेव्हा बारही थांबवायचं आधीच ठरवलंत तर शेवटच्या तासाचे ८० ग्लास वाचतात.

न पिणाऱ्यांची आठवण इथेच काढतो. बारवर दिवे, फुलं, दोन वाढपी. आणि न पिणाऱ्यांना कोपऱ्यात कोमट कोल्ड्रिंक. मला हे फार लागतं. ८० जणांवर जेवढा जीव टाकता तेवढा उरलेल्या २२० जणांवर का नाही? कोकम, पन्हं, मसाला ताक, फेब्रुवारी असेल तर काळ्या द्राक्षांचा ताजा रस. चांगल्या काचेच्या ग्लासात, बर्फ घालून, पाहुण्याच्या हातात नेऊन द्या. हे सगळं मिळून व्हिस्कीच्या दोन-चार बाटल्यांच्या वर जात नाही.

ड्राय डे आणि मतदान

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तर पाठच असतात. बाकीच्या तारखांसाठी हॉल ठरवायच्या आधी जिल्ह्याचा आदेश बघा. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस कोरडा. वर्धा आणि गडचिरोलीच्या सोयऱ्यांना याचं नवल वाटत नाही, त्यांच्या जिल्ह्यांत बारा महिने बंदीच आहे.

"बिअरच तर घेतली"

हे वाक्य ऐकलं की मी हिशेब मांडतो. आपल्या व्हिस्कीत अल्कोहोल ४२.८ टक्के. ३० मिलीच्या स्मॉलमध्ये शुद्ध अल्कोहोल जवळपास १३ मिली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार स्मॉल! आणि गाडी घेऊन परतायचं तर खाली कसारा घाट आहे, वळणं आहेत, धुकं आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून बजेटमध्ये ही ओळ हवीच: दोन मिनीबस, चार ड्रायव्हर, त्यांचं गरम जेवण आणि झोपायला खोली. पैसे कमी पडत असतील तर दोन खंबे कापा, ड्रायव्हर कापू नका.

पैसे कुणाचे

वराकडच्यांनी ही सोय वधूपित्याकडे मागावी, हे मला अजिबात पटत नाही. ज्याचे पाहुणे पिणार, त्याने भरावं. मावसभावाच्या लग्नानंतर धाकट्या बहिणीच्या याद्या झाल्या, तेव्हा आमच्या मावशीने पेन हातात घेतलं आणि मानपानाच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रिसेप्शन, पेयं, ज्याची त्याने'. क्षणभर सगळे गप्प. मग व्याही म्हणाले, "ताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. आम्ही कालपासून हेच कसं विचारावं म्हणत होतो."

सकाळी सात वाजता

आणखी एक. बिल फोडलेल्या बाटलीवर द्यायचं, हे लेखी ठरवून घ्या. मावसभावाच्या रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी बिलात व्हिस्कीच्या १७ बाटल्या लागल्या होत्या. दव पडलेल्या लॉनवर, बारच्या टेबलामागे मी आणि काका उकिडवे बसलो आणि रिकाम्या बाटल्या रांगेत उभ्या केल्या. १४ भरल्या. मॅनेजरने बघितलं, काही न बोलता बिल परत नेलं आणि नवीन आणून दिलं. बिअरच्या रिकाम्या बाटल्या काकांनी पोत्यात भरून वॉचमनला दिल्या. भंगारवाला त्या विकत घेतो.