ॲनिमेशनच्या शिक्षणासाठी जमीन गहाण?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरची निळी चिठ्ठी पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. मग कॉलेजची खात्री न करता जमीन गहाण का टाकता? परवा एक पालक सातबारा घेऊनच आले. माहितीपत्रक गुळगुळीत, पण पदवी कोणत्या विद्यापीठाची याचा पत्ता नाही! आधी तेच विचारा. जुन्या विद्यार्थ्यांचे काम पाहा, ते आज कुठे नोकरीला आहेत तेही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, मुंबईची आय.आय.टी. येथे प्रवेश परीक्षा असते, बी.डिझ.ला बारावी कला शाखाही चालते. संगणक नंतर घ्या, आधी हात वळू द्या. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. त्या मुलाला मी गोठ्यातल्या बैलाची चाल काढायला बसवले आहे. सातबारा सध्या पेटीतच आहे.