उंचीची वाटणी

इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोलमधल्या प्रातो या गावातून स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता वर निघतो. 24.3 किलोमीटरमध्ये तो सुमारे 1800 मीटर चढतो आणि 2757 मीटरवर माथा गाठतो. वाटेत 48 हेअरपिन वळणं आहेत. प्रत्येक वळणावर त्याचा आकडा लिहिलेला आहे. खाली 48 पासून सुरुवात होते आणि माथ्याशी 1 येतो. असा घाट सायकलवर चढणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आपण बहुधा दोनच गुण मोजतो, पायांतली ताकद आणि मनाचा निर्धार. दोन्ही लागतात, यात वाद नाही. पण या कामाचा गाभा तिसऱ्याच गोष्टीत आहे, असं मला ठामपणे वाटतं. एवढी उंची कुणालाच एकदम पेलत नाही, ती वाटून घ्यावी लागते. पहिली वाटणी रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरनं केली. दुसरी सायकलचे गिअर करतात. शेवटची, आणि सगळ्यांत अवघड, वाटणी सायकलस्वाराला स्वतःच्या श्वासाच्या हिशेबानं करावी लागते. या तिन्ही जुळल्या की घाट चढता येतो. त्यातली एक जरी फिसकटली, तरी ताकदवान माणूसही मध्येच थांबतो.

पहिल्या वाटणीपासून सुरुवात करू. नेपोलियनच्या पाडावानंतर लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेली आणि तिला टिरोलशी थेट जोडणारा लष्करी रस्ता व्हिएन्नाला हवा झाला. कार्लो डोनेगानी या इंजिनिअरनं 1820 ते 1825 या काळात तो बांधला. तेव्हा मोटार नव्हती. वर जायचं होतं ते घोड्यांनी ओढलेल्या गाड्यांना आणि तोफांना, आणि जनावर तासन् तास ओझं ओढू शकतं ते चढ बेताचा आणि एकसारखा असेल तरच. म्हणून या रस्त्याचा सरासरी चढ 7.4 टक्के आहे, आणि सर्वांत तीव्र भागही अकरा टक्क्यांच्या फार पुढे जात नाही. फ्रान्झेन्सह्योहे या ठिकाणापासून पुढे डोंगर जवळजवळ भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून तिथं रस्ता पुन्हापुन्हा मागे वळवून लांब केला आहे. घोड्याच्या दमाला सोसेल म्हणून ठरवलेलं हे माप दोनशे वर्षांनी सायकलस्वाराच्या दमालाही सोसतं, कारण दोघांचीही अडचण एकच आहे: जोर थोडा, काम लांब. याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्याचं. फ्रान्झ वालाक यांनी आखलेला तो रस्ता 1935 मध्ये मोटारींसाठी खुला झाला. त्याची सर्वोच्च खिंड स्टेल्व्हिओपेक्षा अडीचशे मीटरनं कमी उंच आहे, तरी उत्तरेकडून येणाऱ्या सायकलस्वाराला तो जास्त निर्दय वाटतो. इंजिनाला नऊ-दहा टक्क्यांचा सलग चढ चालतो. माणसाला त्यात श्वास सावरायला जागा सापडत नाही.

अशी जागा स्टेल्व्हिओवर वळणांत सापडते, पण सगळ्या वळणांत सारखी नाही. वळणाची आतली कड आखूड आणि म्हणून तीव्र असते, बाहेरची लांब आणि सौम्य. इटलीत वाहनं उजवीकडून चालतात. त्यामुळे चढताना डावीकडचं वळण आलं की सायकल आपोआप बाहेरच्या कडेला असते आणि पायांना दोन-तीन पॅडलांची उसंत मिळते. उजवीकडच्या वळणात ती आतल्या कडेला सापडते, आणि तिथं गिअर आधीच हलका केला नसेल तर लय तुटते. जाणता सायकलस्वार वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधी गिअर बदलतो आणि वळणातून बाहेर पडल्यावर वेग वाढवण्याचा मोह टाळतो. बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही. पण हेच 48 वेळा नीट झालं की माथ्यावर पाय शिल्लक राहतात.

आता आकडे पाहू, कारण उंची वाटून घ्यावी लागते या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्यातच आहे. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरले, तर 1800 मीटर उचलायला सुमारे 14 लाख ज्यूल ऊर्जा लागते. यात घासाघीस चालत नाही, माणूस कितीही अनुभवी असो. ती किती वेळात खर्च करायची, एवढंच आपल्या हातात असतं. दोन तासांत चढायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सरासरी 196 वॅट लागतात. अडीच तास घेतले तर 157. टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध वेगळा. नेमानं सराव करणाऱ्या पुष्कळ हौशी सायकलपटूंसाठी पहिला आकडा आवाक्याबाहेर असतो आणि दुसरा आवाक्यात. म्हणजे चढणं आणि न चढणं यांच्यातला फरक कधीकधी अर्ध्या तासाच्या संयमाचा असतो. फसवणूक होते ती तळाशी. प्रातोनंतरचे पहिले काही किलोमीटर सौम्य आहेत, पाय ताजे आहेत, हवेत ऑक्सिजन भरपूर आहे. तिथं 230-240 वॅटनं जाणं सोपं वाटतं. पण आपल्या मर्यादेवर केलेल्या कामाची वसुली सरळ हिशेबानं होत नाही. स्नायूंतला साखरेचा साठा वेगानं संपतो, आणि तो संपल्यावर निर्धार कितीही असला तरी चाक हळू फिरतं. त्यात माथ्याजवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 72 टक्केच उरतो. खाली सहज वाटणारं काम तिथं धापा टाकायला लावतं. म्हणून खाली चढताना ‘हे जरा कमीच होतंय’ असं वाटणं हीच योग्य गतीची खूण. खाण्याचंही तसंच आहे. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती भूक लागण्याआधी, झाडीतून जाणाऱ्या खालच्या टप्प्यातच सुरू करायला हवीत.

दुसरी वाटणी गिअरची. पुढे 34 दात आणि मागे 34 दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 2.1 मीटर पुढे जाते. मिनिटाला सत्तर फेऱ्या मारल्या की ताशी 8.8 किलोमीटरचा वेग होतो. पुढे 39 आणि मागे 23 दात असलेल्या जुन्या जोडीवर एका फेरीत साडेतीन मीटर जावं लागतं. त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम 41 फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर कितीतरी जास्त भार. काम तेवढंच, तुकडे मात्र मोठे. यावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो घेणारा माणूस साधा नव्हता. टूर द फ्रान्सचा संस्थापक हेन्री देग्रांज याला गिअर बदलण्याची सोय ही कमकुवतांची कुबडी वाटे, आणि 1937 पर्यंत टूरमध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलणारा डिरेलर वापरायला परवानगी नव्हती. त्याआधीचे सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक उलटं बसवत, म्हणजे दुसऱ्या बाजूचं मोठं दातचक्र कामाला येई. 1911 मध्ये टूर पहिल्यांदा गॅलिबिए खिंडीवर गेली तेव्हा एमिल जॉर्जे सर्वांत आधी माथ्यावर पोचला, आणि मागून येणाऱ्या बहुतेकांना सायकल ढकलत चालावं लागलं. त्या माणसांबद्दल आदरच वाटतो. पण त्या इतिहासातून देग्रांजचं म्हणणं सिद्ध होत नाही. गिअर उंचीतला एक मीटरही कमी करत नाही. आणि खुद्द रस्ता ही चढाची धार कमी करण्याचीच युक्ती आहे. डोनेगानीची वळणं मान्य करायची आणि दातचक्र नाकारायचं, याला तर्काचा आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शर्यती तर जपून वागणारे जिंकत नाहीत, झेप घेणारे जिंकतात. मग संयमाला गाभा कसं म्हणायचं? स्टेल्व्हिओचीच साक्ष काढता येईल. 1 जून 1953 रोजी जिरो द इटालिया ही शर्यत पहिल्यांदा या खिंडीवर आली. एकूण आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी ह्यूगो कोब्लेकडे होती आणि फाउस्तो कोप्पी जवळजवळ दोन मिनिटांनी मागे होता. माथ्याच्या सुमारे अकरा किलोमीटर आधी कोप्पी सुटला, एकटाच बोर्मिओला पोचला आणि अखेर 1 मिनिट 29 सेकंदांच्या फरकानं ती जिरो जिंकला. पण त्या दिवसाचा क्रम पाहा. कोप्पी निघण्याआधी दुसऱ्या एका स्पर्धकानं उडी घेतली होती आणि तिचा पाठलाग कोब्लेनं स्वतः केला होता. कोप्पीनं आपला साठा राखला आणि प्रतिस्पर्ध्याचा खर्च होऊन गेल्यावर तो एकदम वापरला. झेप हा वाटणीचा अपवाद नसून तिचाच एक प्रकार आहे. ज्यानं खाली साठवलं नाही त्याला वर झेप घेताच येत नाही.

आणि हिशेब माथ्यावर संपत नाही. चढताना कमावलेले ते 14 लाख ज्यूल उतरताना हवेला आणि ब्रेकला परत द्यायचे असतात. ब्रेक सतत दाबून ठेवला तर सगळी उष्णता एकाच जागी साठत जाते. म्हणून वळणाआधी सरळ रस्त्यावर थोडा वेळ जोरानं दाबायचा, वळणात सोडायचा, बाहेरच्या पायावर भार द्यायचा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. माथ्यावर हवा खोऱ्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते. घामानं ओल्या अंगावर ताशी पन्नास किलोमीटरचा वारा लागला की बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही. याचं सर्वांत कठोर उदाहरण 5 जून 1988 चं आहे. त्या दिवशी जिरो 2621 मीटर उंचीच्या गाविया खिंडीवर हिमवर्षावात सापडली. योहान व्हान डेर व्हेल्डे आखूड बाह्यांच्या जर्सीत माथ्यावर सर्वांत पहिला पोचला, आणि उतारावर थंडीनं इतका गोठला की शेवटी पाऊण तासाहून अधिक वेळ गमावून बसला. अँडी हॅम्पस्टनच्या संघानं जाड हातमोजे आणि गरम चहाची तजवीज आधीच केली होती. त्या दिवशी तो दुसरा आला, गुलाबी जर्सी त्याच्याकडे आली आणि त्यानं ती शेवटपर्यंत टिकवली. चढाच्या जोरात त्या दिवशी व्हान डेर व्हेल्डे कमी नव्हता. उताराचा वाटा त्याच्याकडे शिल्लक नव्हता, आणि तेवढ्यानं दिवस उलटला.

आजचा आक्षेप वेगळा आहे. सायकलला पॉवर मीटर लावला की वॅटचा आकडा सतत डोळ्यांसमोर राहतो. मग घाट चढणं हे यंत्राचं हुकूमपालन झालं, त्यात माणूस कुठे उरला? ही काळजी खरी आहे, पण ती मीटरला त्याच्या कुवतीपेक्षा मोठं मानते. किती वॅट जात आहेत एवढं मीटर सांगतो. 2300 मीटरच्या वर तेच 180 वॅट आज परवडतील का, रात्री झोप कशी झाली, ऊन किती आहे, पोटात काय गेलं आहे, याचं उत्तर आकड्यात नसतं. श्वास तोंडातून सुरू झाला का, बोलताना वाक्य तुटतं का, खांदे आखडले का, हे वाचायला स्वतःचंच शरीर लागतं. आकडा विवेकाला साक्ष देतो, त्याची जागा घेत नाही.

हे सगळं मान्य केलं, तर घाटाची तयारी करणाऱ्यानं आधी काय करावं तेही ठरतं: आपल्या वजनाला सोसतील असे गिअर बसवावेत, तळाची गती कागदावर ठरवून घ्यावी, उताराचे कपडे खिशात ठेवावेत, आणि मग पायांचा विचार करावा. याहून मोठी गोष्ट मात्र दुसरी आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला एक दिवस स्टेल्व्हिओ मोटारींसाठी बंद ठेवून सायकलींना मोकळा केला जातो आणि हजारो माणसं वर जातात. त्यांतली बहुतेक कुठलीही शर्यत कधी जिंकणार नाहीत. घाट ताकदीचाच खेळ असता, तर त्यांतल्या थोड्यांनाच माथा दिसला असता. ते पोचतात, कारण आपल्याजवळ किती आहे हे ओळखून तेवढंच, पण शेवटपर्यंत, खर्च करणं कुणालाही शिकता येतं. आल्प्सच्या रस्त्यांची मला वाटणारी थोरवी ती हीच: असामान्यांसाठी राखीव वाटणारी उंची ते साध्या माणसालाही देतात, आणि बदल्यात त्याच्याकडून फक्त प्रामाणिक हिशेब मागतात.